जुन्या चित्रपटाची घरी पाहायची प्रत कशी पारखावी

जुना चित्रपट घरच्या टीव्हीवर लावला, की पडद्यावर धुरकट चित्र येते, पात्रांची डोकी वरून छाटलेली असतात, ऐन गाण्याच्या मध्यात चित्र उडी मारते, आणि घरातले कोणीतरी समजूत काढल्यासारखे म्हणते, की सिनेमाच एवढा जुना आहे, तर तो असाच दिसणार. हे म्हणणे बहुतेक वेळा खरे नसते. ३५ मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फिल्ममध्ये, जेवढा तपशील साठलेला असतो, तेवढा डीव्हीडीच्या ७२० गुणिले ५७६ बिंदूंच्या चौकटीत मावतसुद्धा नाही. १९३६ साली ‘संत तुकाराम’ चित्रपटगृहात पाहणाऱ्याला जे चित्र दिसले असेल, ते आज डिस्कवर दिसणाऱ्या चित्रापेक्षा नक्कीच स्पष्ट असेल. निगेटिव्हपासून आपल्या टीव्हीपर्यंतच्या प्रवासात कोठेतरी काहीतरी गमावलेले असते, आणि ते कोठे गमावले हे थोड्या सवयीने कोणालाही ओळखता येते.

सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळली होती. ती अमेरिकेतील अकॅडमी फिल्म आर्काइव्हने जपून ठेवली. पुढे इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ठिसूळ झालेल्या पट्ट्यांवर उपचार करून त्या पुन्हा लवचीक करण्यात आल्या, जो भाग वापरण्यासारखा उरला नव्हता तो इतर प्रतींमधून घेतला गेला, आणि २०१५ साली तिन्ही चित्रपट नव्या, स्वच्छ रूपात लोकांसमोर आले. आगीतून निघालेल्या फिल्ममधून इतके चांगले चित्र मिळत असेल, तर कपाटात सुखरूप राहिलेल्या चित्रपटाची गचाळ प्रत आपण निमूटपणे का स्वीकारावी, हा प्रश्न ग्राहकाने विचारायलाच हवा. तो नेमक्या शब्दांत विचारता यावा, यासाठी पुढील माहिती उपयोगी पडेल.

विकत घेण्यापूर्वी वेष्टन वाचावे

वेष्टनाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेला मजकूर पुढच्या रंगीत चित्रापेक्षा जास्त प्रामाणिक असतो. सर्वांत आधी डिस्कचा प्रकार आणि तिच्यावर किती चित्रपट कोंबले आहेत ते पाहावे. व्हीसीडीची चौकट ३५२ गुणिले २८८ बिंदूंची असते, डीव्हीडीत त्याच्या चौपट बिंदू असतात, आणि ब्लू-रेमध्ये डीव्हीडीच्या पाचपट. मात्र चौकट मोठी असली म्हणजे चित्र चांगले असे होत नाही, कारण त्या चौकटीत दर सेकंदाला किती माहिती भरली आहे यावर सगळे अवलंबून असते. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी माहिती मावते. अडीच तासांचा एक चित्रपट तिच्यावर असेल, तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सुमारे ४.२ मेगाबिट वाट्याला येतात, आणि काळजीपूर्वक काम केले असेल तर तेवढ्यात समाधानकारक चित्र बसते. त्याच डिस्कवर ‘थ्री इन वन’ म्हणून तसे तीन चित्रपट भरले, की हा वाटा १.४ मेगाबिटवर येतो. व्हीसीडीत केवळ चित्रासाठी १.१५ मेगाबिट असतात. म्हणजे जवळपास व्हीसीडीएवढीच माहिती चौपट मोठ्या चौकटीवर पसरलेली असते, आणि अशी डिस्क चांगली निघण्याची शक्यता जवळजवळ नसते. स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘डिजिटली रीमास्टर्ड’, ‘रिस्टोअर्ड’, ‘४के’ या शब्दांवर विसंबू नये. ज्या प्रकाशकाने खरोखर मेहनत घेतलेली असते, तो काय केले ते सांगतो: स्कॅन मूळ निगेटिव्हवरून केले, मास्टर पॉझिटिव्हवरून (निगेटिव्हवरून जपणुकीसाठी काढलेल्या प्रतीवरून) केले की चित्रपटगृहात दाखवण्याच्या प्रिंटवरून केले, कोणत्या प्रयोगशाळेत केले, दुरुस्तीवर देखरेख कोणाची होती. यातले एकही वाक्य नसेल आणि नुसता सोनेरी शिक्का असेल, तर जुनीच टेप नव्या वेष्टनात आली आहे असे धरून चालावे.

एकाच जुन्या चित्रपटाच्या चार-पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क बाजारात का दिसतात, याचेही कारण माहीत असावे. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. ती मुदत संपली, की हाती लागेल त्या प्रतीवरून कोणीही डिस्क काढू शकतो, आणि हाती लागते ती बहुधा दुसऱ्याच कोणाची तरी डिस्क किंवा दूरदर्शनच्या काळातील टेप असते. म्हणून जुन्या चित्रपटाच्या बाबतीत निर्मात्याच्या वारसांनी किंवा एखाद्या संग्रहालयाने मूळ सामग्रीवरून काढलेली प्रत शोधणे नेहमी श्रेयस्कर ठरते.

परदेशी डिस्क मागवणाऱ्यांनी, तसेच परदेशातून नातेवाइकांना डिस्क पाठवणाऱ्यांनी, विभागाचा क्रमांक, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारी खूण, तपासावी. डीव्हीडीसाठी भारत विभाग ५ मध्ये आणि ब्लू-रेसाठी विभाग सीमध्ये येतो, तर अमेरिकेतील ब्लू-रे विभाग एच्या आणि ब्रिटनमधील विभाग बीच्या असतात. विभागाचे कुलूप असलेली अमेरिकन ब्लू-रे पुण्यातल्या किंवा लंडनमधल्या साध्या प्लेअरवर चालणार नाही.

पहिली दहा मिनिटे

डिस्क घरी आली, किंवा चित्रपट इंटरनेटवर सुरू केला, की गोष्टीत रमण्याआधी पहिली दहा मिनिटे परीक्षकाच्या नजरेने पाहावीत. आरंभी सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते का, हे पाहून ठेवावे. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे. नंतर बोधचिन्ह येते. प्रभातचा चित्रपट असेल, तर तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीची आकृती पूर्णपणे चौकटीत बसते का, की तुतारीचे टोक कडेला कापले गेले आहे, हे बघावे. श्रेयनामावलीतील नावे दोन्ही बाजूंना पूर्ण वाचता येतात का, वरची ओळ टीव्हीच्या कडेला चिकटली आहे का, यावरून पुढच्या संपूर्ण चित्रपटाची चौकट कशी असेल याचा अंदाज येतो.

चित्र आडवे ताणले आहे का, हे ओळखण्यासाठी गोल वस्तू शोधावी. बैलगाडीचे चाक, जाते, भिंतीवरचे घड्याळ, आणि सर्वांत सोयीचे म्हणजे नायिकेच्या कपाळावरचे कुंकू. ते समोरून पाहताना आडवे लंबगोल दिसत असेल, तर चार-तीनच्या प्रमाणातले चित्र सोळा-नऊच्या टीव्हीवर भरण्यासाठी ताणलेले आहे, आणि त्यामुळे प्रत्येक माणूस आहे त्यापेक्षा एक-तृतीयांश जाड दिसतो. हा दोष डिस्कमध्ये असू शकतो तसा टीव्हीच्या सेटिंगमध्येही असू शकतो, म्हणून तक्रार करण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या डिस्कवर खात्री करून घ्यावी.

कोपऱ्यात चित्रपटभर टिकून राहणारे कंपनीचे चिन्ह हा तर सरळसरळ अपमान आहे. छायालेखकाने एकेक सावली मोजून बसवलेल्या कृष्णधवल चौकटीत एक रंगीत ठिपका अडीच तास तसाच राहतो, आणि रात्रीच्या दृश्यांत डोळा वारंवार तिकडेच जातो. त्यावर घरी काही उपाय नाही.

उभी रेघ, आडवी रेघ आणि चौकोन

दोष कोठे शिरला हे समजण्यासाठी प्रवासाचे टप्पे लक्षात ठेवावेत. आधी निगेटिव्ह, तिच्यावरून प्रिंट, प्रिंटवरून टेलिसिने यंत्राद्वारे व्हिडिओ टेप, टेपवरून संगणकातली फाइल, आणि शेवटी आकुंचित करून डिस्क. प्रत्येक टप्प्याचे व्रण वेगळे असतात. सोपी खूण अशी, की उभी रेघ फिल्मची, आडवी रेघ टेपेची आणि चौकोन डिस्कचे.

पडद्यावर वरून खाली जाणाऱ्या, पावसासारख्या रेषा म्हणजे प्रोजेक्टरमधून अनेकदा फिरलेल्या प्रिंटवरचे ओरखडे होत. दर रिळाच्या अखेरीस उजवीकडे वरच्या कोपऱ्यात क्षणभर चमकून जाणारा गोल ठिपका दिसत असेल, तर स्कॅन बहुधा प्रदर्शनाच्या प्रिंटवरून झालेले आहे, कारण तो ठिपका रीळ बदलण्यासाठी ऑपरेटरला दिलेला इशारा असतो. आपल्याकडे अनेकदा मूळ निगेटिव्हवरूनच थेट प्रदर्शनाच्या प्रिंट काढल्या जात, त्यामुळे गाजलेल्या चित्रपटांच्या निगेटिव्हच सर्वांत जास्त झिजल्या. म्हणून निगेटिव्हवरून केलेल्या स्कॅनमध्येही काही ओरखडे राहतात आणि त्याबद्दल फार कठोर होऊ नये. रंगीत चित्रपट लालसर-गुलाबी दिसत असेल, आकाशाचा निळा आणि झाडांचा हिरवा रंग उडालेला असेल, तर इस्टमनकलरच्या जुन्या प्रिंटमधले रंग विरलेले आहेत आणि ते परत आणण्याची तसदी कोणी घेतलेली नाही, असे समजावे.

क्षणभर येऊन जाणारे आडवे पांढरे फटकारे आणि चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी ही टेपेची लक्षणे आहेत. कृष्णधवल चित्रपटात साडीच्या बारीक चौकड्यांवर किंवा जाळीच्या खिडकीवर हिरवे-जांभळे रंग तरळताना दिसले, तर तो चित्रपट कधीकाळी जुन्या रंगीत व्हिडिओ टेपवर उतरवला गेला होता याचा तो पुरावाच असतो.

तिसरा प्रकार डिस्क तयार करतानाचा. एखाद्या अंधाऱ्या भिंतीवर, धुक्यात किंवा पाण्यावर चौकोन चौकोन हलताना दिसतात ते कमी माहिती भरल्यामुळे. हे पाहण्यासाठी गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’मधील ‘वक़्त ने किया’ हे गाणे उत्तम कसोटी आहे. १९५९ सालच्या या चित्रपटात छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी रिकाम्या स्टुडिओत वरून प्रकाशाचा एक जाड झोत सोडला आहे, आणि नायक-नायिका त्या झोताच्या आसपास एकमेकांपासून दूर उभे आहेत. चांगल्या प्रतीत झोताची कड अंधारात हळूहळू विरघळते आणि त्यातले धूलिकण तरंगताना दिसतात. वाईट प्रतीत त्याच कडेला पायऱ्या पडतात, धूळ नाहीशी होते आणि मागची काळोखी भिंत करड्या चौकटींनी भरून जाते. तेथे चित्र थांबवावे आणि व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये इंग्रजी ‘ई’ हे बटण दाबून एकेक फ्रेम पुढे सरकवावी. पडद्यावर काय झाले आहे ते एका मिनिटात उघड होते.

फ्रेम सरकवताना आणखी दोन गोष्टी आढळू शकतात. हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेषा दिसल्या, तर चित्र एकाआड एक ओळींच्या पद्धतीने साठवलेले आहे, आणि हा दोष घरी बराचसा दुरुस्त होतो. परंतु हाताच्या शेजारी त्याच हाताची दुसरी फिकट प्रतिमा दिसत असेल, तर भारतीय-युरोपीय पाल पद्धतीची टेप अमेरिकन एनटीएससी पद्धतीत ओबडधोबडपणे बदललेली आहे. आपल्या जुन्या हिंदी चित्रपटांच्या अनेक डीव्हीडींत हा दोष आढळतो; दोन फ्रेम एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात आणि त्या घरी वेगळ्या करता येत नाहीत.

अलीकडे याच्या उलट दोष जास्त दिसतो. जुनीच कमी दर्जाची फाइल घेऊन संगणकाकरवी ती ‘४के’ केली जाते. चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत होतात, केसांचे पुंजके बनतात, मागच्या गर्दीतल्या माणसांचे डोळे-नाक भलतेच दिसू लागतात. फिल्मचे मूळ कण हा दोष नव्हे, चित्र त्या कणांचेच बनलेले असते. ते पुसले की चेहऱ्यावरची त्वचाही पुसली जाते. असल्या प्रतीपेक्षा मूळची साधी डीव्हीडी अधिक विश्वासार्ह असते, असे मी खात्रीने म्हणेन.

चौकटीची मोडतोड

जुन्या कृष्णधवल चित्रपटांपैकी बहुतेकांची चौकट १.३७ ला १ या प्रमाणात, म्हणजे जवळपास जुन्या टीव्हीसारखी असते. आजच्या रुंद टीव्हीवर ती दाखवायची तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच, आणि त्या यायलाच हव्यात. काळ्या पट्ट्या दिसल्या की प्रेक्षक तक्रार करतात या समजुतीने पुष्कळ प्रकाशक चित्र वरून आणि खालून कापून पडदा भरतात, आणि त्यात चौकटीचा सुमारे २३ टक्के भाग जातो. तमाशापटांत हे नुकसान फार जाणवते. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये जयश्री गडकर लावणीला उभ्या राहतात, तेव्हा पायांतली घुंगरे चौकटीबाहेर गेली तर त्या नृत्यात काय उरले? खालून कापलेल्या प्रतीत नेमके पाऊलच जाते, आणि वरून कापलेल्या प्रतीत अंबाडा जातो.

रुंद पडद्याच्या चित्रपटांचे नुकसान आडवे होते. ‘कागज के फूल’ हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. २.३५ ला १ अशी चौकट जुन्या टीव्हीच्या मापात बसवण्यासाठी बाजू कापल्या, तर सुमारे ४३ टक्के चित्र गळून पडते. वर सांगितलेल्या गाण्यात दोन माणसांमधले अंतर हाच सगळा आशय आहे, आणि कापलेल्या प्रतीत त्या दोघांपैकी एकच जण एका वेळी दिसतो.

जुन्या कृष्णधवल चित्रपटात रंग भरून काढलेल्या आवृत्त्या घेतानाही ही खबरदारी घ्यावी. ‘मुघल-ए-आझम’ २००४ साली आणि ‘हम दोनो’ २०११ साली अशा रीतीने पुन्हा प्रदर्शित झाले, तेव्हा रंगांबरोबर त्यांची चौकटही रुंद पडद्यासाठी बदलली गेली होती. वेष्टनावर ‘रंगीत’ लिहिलेले असेल, तर मूळ कृष्णधवल आवृत्ती वेगळी मिळते का, याचा शोध आधी घ्यावा.

लांबीचा हिशेब

गाणी, विनोदी प्रसंग, कधीकधी संपूर्ण रीळ गायब असते आणि प्रेक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही. हे पकडण्याचा खात्रीचा मार्ग सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून जातो. त्यावर चित्रपटाची लांबी मीटरमध्ये, जुन्या प्रमाणपत्रांवर फुटांमध्ये, आणि रिळांची संख्या लिहिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर धावते. तेव्हा फुटांना ९० ने किंवा मीटरना २७.४ ने भागले, की मिनिटे मिळतात. १३,५०० फूट, अर्थात ४,११५ मीटर लांबीचा चित्रपट १५० मिनिटांचा असायला हवा.

आता डिस्कवर १४४ मिनिटे दिसली, तर लगेच कापाकापीचा निष्कर्ष काढू नये. पाल पद्धतीत २४ ऐवजी २५ फ्रेम धावतात, त्यामुळे चित्रपट सुमारे ४ टक्के लवकर संपतो आणि १५० चे १४४ होतात. त्याच कारणाने गाण्याचा सूरही चढतो. हार्मोनियमवरच्या शेजारच्या पट्टीपर्यंतचे जवळजवळ पाऊण अंतर तो कापतो. रेकॉर्डवर ऐकलेले गाणे चित्रपटात चढ्या आवाजात, जरा घाईने म्हटल्यासारखे वाटते ते यामुळेच, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाला ते असह्य होते. मात्र डिस्कवर १३२ मिनिटेच असतील, तर पालचा हिशेब धरूनही १२ मिनिटे कमी पडतात. हजार फुटांचे एक रीळ ११ मिनिटांचे असते, म्हणजे निदान एक संपूर्ण रीळ या प्रतीत नाही.

प्रमाणपत्रच कापून टाकलेले असेल, तर चित्रपटगृहात पूर्वी विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका कामी येते. तिच्यातली गाणी एकेक करून जुळवून पाहावीत. एवढेच लक्षात ठेवावे, की पुस्तिकेत किंवा रेकॉर्डवर असलेले एखादे गाणे प्रदर्शनापूर्वीच चित्रपटातून वगळलेले असू शकते, त्यामुळे केवळ एका गाण्यावरून दोष देऊ नये. मूकपटांना हा हिशेब लागू पडत नाही. ते २४ पेक्षा बऱ्याच कमी वेगाने चित्रित होत, आणि डिस्कवर माणसे तुरुतुरु पळताना दिसली तर वेगाची चूक प्रत काढणाऱ्याची आहे, फाळक्यांची नव्हे.

घरी काय सुधारता येते

कापलेले, गाळलेले आणि चौकोनांनी खाल्लेले चित्र परत आणता येत नाही. बाकी काही दोष मात्र कमी करता येतात, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

सुरुवात टीव्हीपासून करावी. हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्णपणे बंद करावी, शार्पनेस अगदी कमी करावा, आणि पिक्चर मोड सिनेमाचा किंवा फिल्ममेकरचा ठेवावा. चित्राच्या कडा कापणारी ओव्हरस्कॅनची सोयही बंद करावी. तेवढ्याने कडेची गेलेली अक्षरे पुष्कळदा परत येतात. कृष्णधवल चित्रपट पाहताना रंगाची पातळी शून्यावर आणावी. जाळीवर तरळणारे हिरवे-जांभळे डाग त्या क्षणी नाहीसे होतात, आणि इतका साधा उपाय असून तो फार थोडे लोक करतात.

संगणकावर व्हीएलसीमध्ये ‘डी’ बटणाने कंगव्यासारख्या रेषा मिटवता येतात आणि ‘ए’ बटणाने ताणलेले चित्र पुन्हा चार-तीनच्या प्रमाणात आणता येते. पालमुळे वेगाने धावणारा चित्रपट ०.९६ या वेगाने चालवावा. मात्र त्याआधी ऑडिओच्या प्राधान्यांमध्ये (प्रेफरन्सेस) जाऊन टाइम-स्ट्रेचिंग, म्हणजे वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय, बंद करावी, म्हणजे वेगाबरोबर सूरही मूळ पट्टीवर उतरतो. जुने चित्रपट एकाच ध्वनिमार्गाचे असल्याने, डिस्कवर कृत्रिम ५.१ (अनेक स्पीकरसाठी विभागलेला) आणि साधा असे दोन्ही ट्रॅक असतील तर साधा निवडावा. एका बाजूच्या स्पीकरमधून खरखर येत असेल, तर स्टीरिओ मोडमध्ये फक्त डावी किंवा फक्त उजवी बाजू निवडून पाहावी. व्हीसीडी ५५ इंची टीव्हीवर पाहण्याचा हट्ट धरू नये. लहान पडद्यावर तीच प्रत बरीच सुसह्य वाटते.

तक्रार

चित्र धूसर आहे एवढ्या मुद्द्यावर दाद मिळणे कठीण असते. वेष्टनावर छापलेले एक आणि आत दुसरेच, हे दाखवता आले तर बाजू भक्कम होते: कालावधी १५० मिनिटे लिहून १३२ मिनिटे दिली आहेत, ‘संपूर्ण’ लिहून दोन गाणी गाळली आहेत, अशा प्रकारे. पावती, वेष्टनाचे छायाचित्र आणि दोष दिसणाऱ्या जागा तास-मिनिट-सेकंदांसह लिहून आधी विक्रेत्याला व प्रकाशकाला लेखी कळवावे. उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तेथे शुल्क पडत नाही. प्रकाशकाला पत्र लिहिताना रागापेक्षा प्रश्न अधिक परिणामकारक ठरतात: स्कॅन कशावरून केले, मूळ चौकट कोणती होती, ती का बदलली.

चांगली प्रत कोठे शोधावी आणि वाईट का जपावी

पुण्यात १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आता एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, भाग आहे, आणि त्याच्या दुरुस्तीच्या कामातून निघालेल्या प्रती गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवल्या जातात. २०२३ साली पणजीत आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) अशाच रूपात दाखवला गेला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ दुरुस्त केला आणि तो २०२४ साली फ्रान्समधील कान शहराच्या चित्रपट महोत्सवात झळकला. अशा बातमीकडे लक्ष ठेवावे आणि चित्रपटाचे नाव, दुरुस्तीचे वर्ष व संस्था यांची नोंद करून ठेवावी, कारण महोत्सवात दिसलेली प्रत घरी पाहण्यासाठी येईल तेव्हा ती जुन्या प्रतींच्या गर्दीत याच नोंदीवरून ओळखता येईल. एनएफडीसीने आपल्या निर्मितीचे चित्रपट ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ या नावाने डीव्हीडीवर आणले होते, आणि त्या कोठे दिसल्या तर सोडू नयेत.

तोपर्यंत आपल्याकडची जुनी व्हीसीडी फेकून देऊ नये. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या (सहज पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या) कोठारात आग लागून आरंभीच्या काळातील पुष्कळ फिल्म नष्ट झाल्या, आणि इतर ठिकाणी तर त्या जपल्याच गेल्या नाहीत. त्यामुळे एखादे गाणे किंवा प्रसंग फक्त एका धूसर व्हीसीडीवरच उरलेला असणे अगदी शक्य आहे. नव्या स्वच्छ प्रतीत नसलेला प्रसंग जुन्या प्रतीत आढळला, तर तो किती मिनिटांनी येतो हे कागदावर लिहून तो कागद डिस्कबरोबर ठेवावा आणि संग्रहालयाला तसे कळवावे.

डिस्क उभ्या, कोरड्या जागी, उन्हापासून दूर आणि कठीण डबीत ठेवाव्यात. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत त्या चिकटतात आणि खराब होतात. वरच्या बाजूला चिकटपट्टी लावू नये व बॉलपेनने लिहू नये, कारण सीडी व व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी लगत असतो. घरी उतरवलेल्या, खालून हिरवट किंवा जांभळट दिसणाऱ्या डिस्क कारखान्यात छापलेल्या चंदेरी डिस्कपेक्षा लवकर निकामी होतात, म्हणून त्यांतील फाइली आधी काढून घ्याव्यात, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा दोन्हींवरची प्रत शेवटपर्यंत चालते ना, हे पाहावे.